एकदा बघून येतो

कुलपं बसवणाऱ्या माणसाच्या घरात दारूची बाटली कुलपात ठेवायचा शहाणपणा मी केला होता. कुणीतरी सांगितलं होतं, एकदम तोडू नका, मोजून द्या, हळूहळू कमी होते. मग काय, कपाटाला चांगलं जाडजूड पितळी कुलूप घातलं, किल्ली माझ्या ब्लाउजात, आणि दुपारी मी निवांत कपडे वाळत घालायला गेले. आमच्या ह्यांनी माझ्याच केसांच्या पिनेनं ते कुलूप उघडलं, हवी तेवढी घेतली, बाटली जागेवर ठेवली, कुलूप परत लावलं. इथवर ठीक होतं. दुसरा कुणी बेवडा असता तर तोंड पुसून झोपला असता आणि मला पत्ता लागला नसता. पण हे तिथेच उभे राहिले आणि कुलूप ओढून बघत राहिले, लागलंय की नाही. खट्, खट्, खट्. तो आवाज ऐकून मी ओल्या हातांनी आत आले आणि चोर रंगेहाथ सापडला.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगत आले. माझ्या बहिणी पोट धरून हसायच्या. दारू चोरली त्याचं काही नाही, पण कपाट उघडं राहिलं तर कसं चालेल, काय बाई प्रामाणिक चोर आहे तुझा नवरा. मीही हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता मला आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही.

ह्यांचं दुकान म्हणजे भिंतीत ठोकलेलं एक खोकं. दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. एका बाजूला घड्याळवाला, दुसऱ्या बाजूला शिवणयंत्रं दुरुस्त करणारा, आणि कोपऱ्यावर बार. दुकानाच्या भिंतीवर कोऱ्या किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या असायच्या, वरपासून खालपर्यंत. मशीनवर जुनी किल्ली एका चिमट्यात आणि कोरी दुसऱ्या चिमट्यात धरून हे खाचा पाडायचे, मग कानशीनं कडा गुळगुळीत करायचे. अंगाला सतत पितळेचा वास. गल्लीतली पोरं ह्यांना किल्लीकाका म्हणायची. कुणाच्या दाराला नवं कुलूप बसवलं की ह्यांची एक रीत होती. सगळ्या किल्ल्या मालकाच्या हातावर ठेवायच्या आणि मग आपले दोन्ही तळवे उघडून दाखवायचे. माझ्याकडे एकही नाही, बघून घ्या. वडिलांनी शिकवलं होतं तसं. ह्या धंद्यात माणसाचा हात रिकामा दिसला पाहिजे, नाहीतर उद्या त्या घरात सुई हरवली तरी बोट तुमच्याकडे.

आणि माणूस म्हणाल तर मऊ मेणाहून. पिऊन ह्यांनी कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. शेजारणी म्हणायच्या, तुझं बरं आहे, गप्प झोपतात तरी. बरं आहे म्हणे. अहो, नवरा रोज संध्याकाळी ओंडक्यासारखा पडतो यात काय बरं आहे, पण शेजारणींना सांगून उपयोग काय.

रोजचा क्रम ठरलेला. दुकान बंद करून यायचे, चपला काढायचे, हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे. चहा संपतो न संपतो तोच बोटं एकमेकांत घुसवून चाळा सुरू. मग उठायचे आणि म्हणायचे, "एकदा बघून येतो." काय बघून येतो, तर दुकानाचं कुलूप. आणि यायचे ते बारचा वास घेऊन. आमच्या घरात 'बघून येतो' म्हणजे 'पिऊन येतो' हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मुलगी लहान असताना पाहुण्यांना सांगायची, बाबा ना, बघून यायला गेलेत. पाहुणे हसायचे, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे.

मुलगी मोठी झाली, दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. त्या दवाखान्याच्या दाराचं कुलूप ह्यांनीच बसवलं होतं, तिच्याच ओळखीनं. एक दिवस भर दुपारी हे पिऊन तिथे गेले. बाकांवर पेशंट बसलेले, गाल सुजलेली माणसं, आणि हे दार उघडतात, लावतात, मूठ ओढतात, पुन्हा उघडतात. तिच्या डॉक्टरांनी हाताला धरून ह्यांना बाहेर काढलं. पोरीनं त्याच आठवड्यात बॅग भरली आणि मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. जाताना मला एवढंच म्हणाली की दारू आणि मी एका घरात राहणार नाही, ज्या दिवशी ते सोडतील त्या दिवशी मला बोलव. बापाशी बोलली नाही. हे कॉटवर बसून आपले तळवे बघत होते.

पोरगी गेली ते ह्यांच्या वर्मी लागलं. स्वतःच म्हणाले, मला कुठेतरी नेऊन टाक. व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. पहिले दिवस फार वाईट गेले म्हणे, हात थरथरायचे, घामानं गादी भिजायची, पण तिथे डॉक्टर होते, निभावलं. तिथले सर स्वतः एके काळचे पिणारे, आवाज खणखणीत. रोज सगळ्यांना गोल बसवून विचारायचे, कशी लागली ते मोकळेपणानं सांगा. मी भेटायला गेले तेव्हा ह्यांची पाळी होती. हे उठले आणि म्हणाले, मित्रांच्या संगतीनं लागली. मी तोंडाचा आ वासून बघत राहिले. अहो, ह्या माणसाला मित्र होता कधी? घड्याळवाल्याशी सुद्धा वेळेपलीकडे बोलणं नाही. नंतर मी विचारलं, हे कुठले मित्र काढलेत तुम्ही? तर म्हणाले, सगळे तेच सांगत होते, म्हणून मीही सांगितलं.

तेव्हाच मला काहीतरी खटकायला हवं होतं म्हणाल. खटकलं हो. पण दारू सुटतेय म्हटल्यावर कोण खटक्याकडे बघतं?

हे घरी आले. चेहऱ्यावर तेज, डोळे स्वच्छ. मी पोरीला फोन करून सांगितलं, सुटली. ती म्हणाली, बघू. तिचं बरोबरच होतं, दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून प्यावं लागतं. संध्याकाळी ह्यांनी चहा घेतला, बोटं एकमेकांत घातली, आणि उठून म्हणाले, "एकदा बघून येतो."

मी दारातच बसून राहिले. आल्यावर मी ह्यांच्या तोंडाशी नाक नेलं, लाजलज्जा सोडून. वास नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गेले, उशिरा आले, वास नाही. आता मला सांगा, दारू नाही, तर मग काय? माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. ह्या वयात कुठली बाई तर नाही ना, इथपर्यंत मजल गेली. म्हटलं छडा लावायचाच. पदर खोचला आणि मागोमाग गेले.

अजून उजेड होता, दुकानं एकेक बंद होत होती. मी औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. हे शटरपाशी वाकले, कुलूप ओढलं, सोडलं, ओढलं, सोडलं. कुलपाच्या कडीवरून बोट फिरवलं. चालायला लागले. बारपाशी पोचले, थांबले. आत गेले नाहीत. वळले, परत शटरपाशी. पुन्हा ओढलं. पुन्हा बारपर्यंत. आतला वेटर दारात येऊन म्हणाला, काका, आज नाही? ह्यांनी मान हलवली आणि पुन्हा मागे फिरले. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. मोजायचं भान कुणाला होतं? शेवटी शटरला पाठ लावून खाली बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

मी जाऊन खांद्यावर हात ठेवला. दचकले नाहीत, रागावले नाहीत. वाटेत विचारलं, लागलं होतं ना गं? मी म्हटलं, हो. वळणावर पुन्हा विचारलं. घराच्या जिन्यात पुन्हा. हो, लागलंय, लागलंय, लागलंय. माझं तोंड दुखायला आलं.

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं खरंच कुलूप बघायला जात होता? आणि दारू? मग ती मधे कुठून आली? माझ्या डोक्याचं नुसतं भुसकट झालं.

आणि मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका. गॅसचं बटण, नळ, खिडकीची कडी, दिव्याचं बटण. मी भाजी फोडणीला टाकली की हे मागे उभे, गॅस बंद करशील ना. भाजी शिजायच्या आधीच बंद करू का, म्हणून मी ओरडायचे. पीत होते तेव्हा संध्याकाळी एकदा जायचे आणि येऊन झोपायचे. आता झोप नावाला नाही. केंद्रात फोन केला तर सर म्हणाले, शरीरातून दारू जाताना असं होतं, कामात गुंतवा. कामात गुंतवा. काम हेच तर कुलपं होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना पूर्वी मी एकदा विचारलं होतं की ह्यांच्या डोक्यात काही बिघाड असेल का, तेव्हा ते म्हणाले होते, आधी दारू सोडू द्या, मग डोक्याचं बघू. आता गेले तर म्हणाले, दारू सुटली ना, मग आता काय अडचण आहे? आता ह्या सगळ्यांपैकी कुणाचं डोकं ठिकाणावर आहे, मलाच कळेना.

एक दिवस दुकानात मी डबा घेऊन गेले होते, हे मागे हात धूत होते. एक बाई आल्या, शिकलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. ह्यांनी त्यांच्या घराला कुलूप बसवलं होतं. हळू आवाजात मला म्हणाल्या की तुमचे मिस्टर आमच्या दाराशी पुन्हा पुन्हा येतात, कुलूप हलवून बघतात आणि निघून जातात. काल तर मी घरात एकटीच होते, म्हणाल्या. मी घाबरून विचारलं, प्यायलेले होते का? तर त्या म्हणाल्या, तसं असतं तर मी समजून घेतलं असतं हो, हे शुद्धीत होते म्हणून तर भीती वाटली.

हे ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसले. बघा, पिणारा किल्लीवाला लोकांना चालत होता. बिचारा, पितो, पण काम चोख. न पिणारा किल्लीवाला दोनदा दाराशी दिसला की चोर. गिऱ्हाइकं तुटायला लागली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. आणि खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा तेव्हा आलं की, पीत होते तेच बरं होतं. ज्या बाटलीपायी मी रडरड रडले, तिची मला आठवण यावी? स्वतःचीच किळस आली, आणि तरी ते मनातून जाईना.

अशात पोरीचा फोन आला. तिनं स्वतःचं घर भाड्यानं घेतलं होतं, एकटीसाठी. म्हणाली, दाराचं कुलूप खिळखिळं आहे, बाबांना सांग, नवं त्यांनीच बसवायचं. मी फोन ठेवला आणि चक्क रडले. ज्या पोरीनं बापाचं तोंड बघायचं सोडलं होतं, ती आपलं दार बापाच्या हाती देत होती. मला सगळं लख्ख कळत होतं. त्या दिवशी हा माणूस धड वागला तर पोरगी परत आमची. नाही वागला तर ती म्हणणार, मला वाटलंच होतं, आणि मग पुन्हा फोन नाही.

हे आधी हरखले, मग पांढरेफटक पडले. दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप घरी आणलं, जेवायच्या टेबलावर खोललं, तेल घातलं, जोडलं, पुन्हा खोललं. जेवण बाजूला, कुलूप ताटात, अशी अवस्था. मी बघत होते. मला दिसत होतं की कुलूप हे उत्तम बसवतील. प्रश्न बसवायचा नव्हताच, प्रश्न ते बसवून तिथून निघायचा होता.

तेव्हा मी एक केलं. मला दोष द्यायचा तर खुशाल द्या. मी दारूच्या दुकानात गेले. भर दुपारी, जन्मात पहिल्यांदा. रांगेतल्या पुरुषांनी मला वाट करून दिली, देवळात देतात तशी. दुकानदारानं विचारलं, केवढी? मी म्हटलं, लहान. मनात म्हटलं, एका माणसाला दारापासून जिन्यापर्यंत आणायला पुरेल एवढी. बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली. वर पोरीसाठी न्यायच्या चादरी आणि उशांचे अभ्रे. काय आई आहे बघा, एकाच पिशवीत दोन्ही.

पोरीचं घर वरच्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकाची जागा, खिडकीत ऊन. ती बापाशी बेताचं बोलली, या, बसा. हे बसले नाहीत, दाराशीच गेले. जुनं कुलूप काढलं, पटाशीनं चौकटीत जागा केली, लाकडाचा भुसा फुंकरीनं उडवला. हात अजिबात थरथरत नव्हते. पोरगी जरा वेळ लांबून बघत होती, मग न सांगता पुढे आली आणि स्क्रू तळहातावर घेऊन उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. हे न बघता हात मागे करायचे आणि ती एकेक स्क्रू त्यांच्या बोटांत द्यायची. मी अभ्रे घालत होते आणि मला उशी दिसेना, इतके डोळे भरले होते.

कुलूप बसलं. ह्यांनी सगळ्या किल्ल्या पोरीच्या हातावर ठेवल्या आणि आपले दोन्ही तळवे उघडून तिला दाखवले. तिनं ते तळवे पाहिले आणि ओठ दाबून मान फिरवली. चहा झाला. मला वाटलं, जमलं. बाटलीची गरज पडणार नाही.

निघालो. पोरीनं दार आतून लावलं. ह्यांनी मूठ ओढून बघितली. ठीक. जिन्याकडे वळलो, हे थांबले, मागे गेले, पुन्हा ओढली. पोरीनं दार उघडून हसून विचारलं, काय राहिलं? काही नाही, पुन्हा लाव बरं. तिनं लावलं. ह्यांनी ओढली. पुन्हा उघड बरं. पुन्हा लाव. दहा वेळा असं झालं की वीस वेळा, मला शुद्ध नव्हती. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरीचं हसू गेलं. दवाखान्यातल्या त्या दुपारी तिचा चेहरा असाच झाला असणार, मी तेव्हा तो पाहिला नव्हता, आता पाहिला. तिनं मला दारातून बाजूला घेतलं आणि विचारलं, आई, हे पिऊन आलेत का?

माझा हात पिशवीत गेला. पोरीला म्हटलं, तू आत जा जरा. ह्यांना दंडाला धरून जिन्याच्या वळणावर आणलं, टॉवेल सोडला आणि बाटली पुढे धरली. म्हटलं, घ्या. दोन घोट घ्या आणि चला घरी.

ह्यांनी बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. इतकं दुखावलेलं तोंड मी त्यांचं पोरगी गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. हात पुढे आला, बुचापर्यंत आला, आणि तिथेच थांबला.

"मला ही कधी आवडली नाही गं," हे म्हणाले. "कडू असते. पण ही घेतली की कुलूप लागलंय असं वाटतं. लागलेलं असो नाहीतर नसो. मग घरी येता येतं."

वर दारात पोरगी उभी होती. आत गेलीच नव्हती. तिनं बाटली पाहिली आणि तिचे डोळे पेटले. मी घाईघाईनं म्हटलं, त्यांची नाही, मी आणली, मी दिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. कुणावर चिडावं हे तिला समजेना, आणि मला तरी कुठे समजत होतं? मग ती पायऱ्या उतरून खाली आली, बापाच्या शेजारी पायरीवर बसली आणि विचारलं, "बाबा, हे कधीपासून होतंय?"

"दारूच्या आधीपासून," हे म्हणाले.

बाकीचं मग हळूहळू बाहेर आलं. लग्नाच्याही आधी ह्यांनी कुलूप बसवलेल्या एका घरात चोरी झाली होती. चोर खिडकीतून आला होता, ह्यांना कुणी बोल लावला नाही. मी म्हटलं, म्हणजे त्या धसक्यानं झालं. तर म्हणाले, नाही, शाळेतसुद्धा दप्तर पुन्हा पुन्हा उघडून बघायचो. मग एका लग्नात कुणीतरी पाजली आणि आयुष्यात पहिल्यांदा डोकं गप्प झालं. एक अख्खी संध्याकाळ काही बघावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी उठले तर बघणं आधीच्या दुप्पट. म्हणून पुन्हा घेतली. म्हणजे ही बघायची खोड दारूनं वाढत होती की दारू ह्या खोडीमुळे वाढत होती, मी विचारलं. म्हणाले, मला कळलं असतं तर मी तुला सांगितलं नसतं का?

त्या दिवशी पोरीनं बाहेरून कुलूप लावलं आणि ती आमच्याबरोबर आमच्या घरी आली. वाटभर हे विचारत होते आणि ती वाटभर हो म्हणत होती. बाटली मी जिन्यातच विसरले. दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती म्हणे, कुणाची तरी सोय झाली.

पोरीनंच मग मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयानं माझ्याएवढ्याच बाई, घाई नाही अजिबात. त्यांनी विचारलं, दारू नव्हती तेव्हा काय होतं? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, मी धरून. त्या म्हणाल्या, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. मी म्हटलं, अहो, मंत्रचळ म्हणजे माझ्या आतेसारखं, दिवसभर हात धुवायचे. त्या म्हणाल्या, कुणी हात धुतं, कुणी कुलूप ओढतं, आजार तोच. दारू त्यावर पांघरूण घालते आणि उतरली की आग आणखी भडकते, म्हणून दोन्हींवर एकदमच औषध हवं, एक आधी, एक नंतर असं करून भागत नाही. कुठलं आधी आलं ते दर वेळी सांगताही येत नाही म्हणाल्या. मला जरा धीर आला. निदान त्यांनाही सगळं कळत नव्हतं.

पण पुढचं ऐकून माझं डोकंच फिरलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी विचारलं, कुलूप लागलंय ना, तर तुम्ही हो म्हणायचं नाही. म्हटलं, का? लागलेलं असताना? त्या म्हणाल्या, "तुमचं 'हो' ही त्यांची दुसरी बाटली आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि थोड्या वेळानं पुन्हा हवी होते. 'माहीत नाही' म्हणा."

मी भांडले त्यांच्याशी. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा नाही, हे कुठलं शास्त्र? मला दिसतंय, लागलंय, आणि मी माहीत नाही म्हणू? म्हणजे मी खोटं बोलायचं. त्या शांतपणे म्हणाल्या, खात्री कुणालाच नसते, बाकीचे आपण तशीच पाठ फिरवतो, त्यांना ते शिकायचंय. घरी येईपर्यंत मी बडबडत होते. अजूनही मला ते पुरतं पटलंय असं नाही.

औषधं सुरू झाली, गुण यायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना एकेक धडा घालून दिला. आज नळ एकदाच बघायचा. आज गॅस बघायचाच नाही. मधे एकदा हे घसरले, बारमध्ये गेले. मी पोरीला फोन केला. मला वाटलं, तिची अट तुटली, आता संपलं. ती आली, बापाला चहा करून दिला आणि म्हणाली, उद्या डॉक्टरांना आपणच सांगू. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या पोटची पोर, पण त्या वेळी मला तिची ओळखच पटेना.

परवा आम्ही तिच्याकडे जेवायला गेलो होतो. डॉक्टरीणबाईंचा सगळ्यात अवघड धडा ह्यांनी तिच्याच दारासाठी राखून ठेवला होता. मूठ ओढायची नाही. दाराला हात न लावता जिना उतरायचा. निघताना पोरगी काही बोलली नाही, तिलाही बजावलेलं होतं. तिनं दार लोटलं, आतून कुलूप फिरलं. आवाज मी माझ्या कानांनी ऐकला, स्वच्छ. ह्यांचा हात मुठीकडे गेला आणि हे तो खिशात घालून वळले.

वळणावर, मी बाटली पुढे धरली होती त्याच पायरीवर, हे थांबले. कठडा घट्ट धरला. मानेवर घाम होता.

"लागलंय ना गं?"

माझ्या ओठांवर हो आलं होतं. आयुष्यभर तेच दिलं होतं ह्या माणसाला, तेवढंच तर होतं माझ्याकडे. वर दाराच्या आत माझी लेक कान लावून उभी असणार, मला ठाऊक होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मी खाली बघत होते, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर हो म्हटलं असतं.

"मलाही नाही," हे म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले.